बंद लॅपटॉप आणि ‘बोर्ड बदलावा लागेल’

लॅपटॉप रात्री चालू होता, सकाळी ठार बंद. ॲडॅप्टर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिच्या पिना खोडरबरानं पुसल्या, परत बसवली. ना दिवा, ना पंख्याचा आवाज. दिवा लागत असेल आणि फक्त स्क्रीन काळी असेल, तर प्रकरण वेगळं. तेव्हा टीव्हीला जोडून बघा, स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून अंधुक काही दिसतंय का तेही बघा.

मग कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलानं मशीन हातात घेण्याआधी फॉर्म पुढे सरकवला: डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही, इथे सही. त्यानंतर नुसती वाट बघणं. फोन केला की रेकॉर्ड केलेला गोड आवाज, मग संगीत, मग ‘इंजिनिअर बिझी आहेत मॅडम’. शेवटी त्यांचाच फोन आला. ‘मदरबोर्ड डेड आहे, बदलावा लागेल.’ मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड. सांगितलेल्या रकमेत थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता. मी विचारलं, बोर्डावरचं नेमकं काय गेलंय? ‘ते आम्ही बघत नाही, पूर्ण बोर्डच बदलतो.’ बघत नाही, मग तपासणीचे पैसे कशाचे घेतले? यावर उत्तर नाही, पावती मात्र लगेच.

बोर्ड बदलायचाच असेल, तर आधी एक करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर नवा बोर्ड बसल्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागितली जाते. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. फोनवरून लॉगिन करून लिहून ठेवा.

मी मशीन उचललं आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. तिथे ‘चिप लेव्हल’ अशी पाटी असलेलं, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करणारं दुकान शोधायचं. कारागिरानं आधी ॲडॅप्टरला मीटर लावला. १९.५ व्होल्ट हवेत, जवळपास तेवढे होते. मग माझ्यासमोरच बोर्ड उघडा करून त्यावर अल्कोहोल ओतलं आणि बेतानं करंट सोडला. एका जागचं अल्कोहोल भराभर उडालं, म्हणजे तीच जागा तापत होती. तिथे तिळाएवढा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) शॉर्ट झाला होता. तो काढला, दुसरा लावला, पंखा फिरला! सर्व्हिस सेंटरच्या आकड्याचा दहावा हिस्साही खर्च आला नाही.

हो, बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग वगैरे करून बघू नका, लॅपटॉप तसाच दुकानात न्या. आणि त्या फॉर्मवर सही करण्याआधी एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) काढून घेता येते का बघा. बऱ्याच मॉडेलांत ती एका स्क्रूवर असते, आणि यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फायली दिसतात. बिटलॉकर असेल तर मात्र इथेही तीच की लागते.