ट्रायडंट मेपल, तीन वर्षांची नोंद: एक गच्चीवरचं, एक बांधावरचं

परवा सकाळी व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावून माझ्या बोन्सायसाठी वाढवलेल्या ट्रायडंट मेपलचा बुंधा मोजला. मातीला लागून ३१ मिलिमीटर. शेजारच्या कुंडीतलं दुसरं रोप भरलं ११. दोन्ही जानेवारी २०२२ मध्ये हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून एकाच खोक्यातून आलेली, ओल्या शेवाळात गुंडाळलेली, तेव्हा ८-८ मिलिमीटरची. ११ वालं मी जिवापाड सांभाळलं. ३१ वालं मामा विसरून गेले होते.

त्याआधीचं एक कबूल करून टाकते. माझं पहिलं मेपल लाल पानांचं जॅपनीज होतं, फोटो बघून भाळले होते. आमची गच्ची पश्चिमेची. मार्चअखेर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मला वाटलं तहानलंय, म्हणून दिवसातून तीनदा पाणी. मेमध्ये उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटांनी दाबली की साल मोज्यासारखी निघून हातात. वर उन्हाने भाजलं आणि खाली मी बुडवलं. नाशिकची थंडी ऐकून लोक मेपल आणतात. निफाडचा पारा पेपरात आला की मलाही वाटायचं, आपलं हवामान अगदी जमेल! पण मेपलची परीक्षा जानेवारीत नसते, एप्रिल-मेमध्ये असते. म्हणून मग ट्रायडंट. हे मूळचं पूर्व चीनकडचं, पान जरा जाड, ऊन पुष्कळ जास्त सोसतं. पानाला तीन टोकं. शेजारच्या आजींनी एकदा हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "बेल नव्हे हो, हे एकच पान आहे, नुसतं चिरलेलं." बरोबर ओळखलं त्यांनी.

२०२२ ते २०२३

एक रोप गच्चीवर निळ्या चकचकीत उथळ कुंडीत लावलं. बोन्साय म्हणजे उथळ कुंडी, एवढंच तेव्हा डोक्यात. दुसऱ्याला कुंडी नव्हती, म्हणून ते पिंपळगाव बसवंतला मामांच्या बांधावर, द्राक्षाच्या शेवटच्या ओळीजवळ. तिथे एक गोष्ट मात्र नीट केली, कुठेतरी वाचलेलं आठवलं म्हणून. खड्ड्यात फरशीचा वीतभर तुकडा आडवा ठेवला आणि त्यावर मुळं चहूबाजूंनी पसरून माती लोटली, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पळतील. मामांनी ठिबकची एक नळी तिकडे वळवली आणि विषय संपला.

गच्चीवरच्या रोपाचा विषय मात्र रोज निघायचा. नवी जोडपानं उघडली की मी शेंडा खुडायचे. मेपलच्या पानांची जोडी समोरासमोर येते, शेंडा खुडला की दोन्ही बगलांतून फूट येते, एकाच्या दोन, दोनाच्या चार. फार गोड दिसतं ते. सहा महिन्यांत माझं झाड म्हणजे काडीवर ठेवलेला हिरवा गोंडा झाला होता. फोटो छान यायचे. खोड होतं तिथेच.

हे सगळ्या नवशिक्यांना सांगून ठेवते, कारण मला दोन वर्षं लागली. फांद्यांची बारीक नक्षी खुडून मिळते, जाडी खुडून मिळत नाही. खोड जाड होतं ते वर मोकळी वाढणारी फांदी आणि तिच्यावरची पानं यांच्या जिवावर. मी दर आठवड्याला नेमकं तेच भांडवल खुडून टाकत होते.

फेब्रुवारी २०२४: मोठी कापणी

बांधावरचं झाड माझ्यापेक्षा उंच झालं होतं. सरळसोट, बेढब, खाली २७ मिलिमीटर. डोळे, म्हणजे बंद कोंब, फुगलेले पण उघडलेले नव्हते, तो मुहूर्त धरला.

मामा सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन उभे. म्हणाले, "अगं, एवढं वाढवलं ते कापायलाच?"

म्हटलं, "मामा, तुम्ही दरवर्षी तेच करता."

"आम्ही काडी कापतो. तू तर खोडच कापतेस."

मुद्दा बिनतोड होता. तरी करवतीने जमिनीपासून ९ सेंटिमीटरवर तिरकं कापलं. तिरकं अशासाठी, की ज्या बाजूला वरचा डोळा आहे तिथून नवा शेंडा निघावा आणि जुन्या खोडाची रेघ त्याच्यात मिसळून जावी. मिनिटाभरात कापाच्या कडेला पाणी जमलं आणि खोडावरून ओघळायला लागलं. माझा चेहरा पाहून मामा म्हणाले, छाटल्यावर द्राक्षाची काडीही अशीच गळते, थांबेल. संध्याकाळपर्यंत थांबलं.

खोड आणि मुळं एकाच दिवशी कापू नयेत असं सगळे सांगतात. मी दोन्ही कापली, कारण पुन्हा सुट्टी कधी मिळणार! ट्रायडंटने सोसलं. दुसऱ्या जातीवर हा प्रयोग करू नका.

झाड उपसलं तेव्हा फरशीचं फळ दिसलं. मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी आडवी पसरलेली, त्यातली सात चांगली करंगळीएवढी. फक्त दक्षिणेच्या बाजूला तळहाताएवढी जागा रिकामी, तिथे एकही मूळ नाही. तिचा विचार नंतर.

लावलं ते गच्चीवर, द्राक्षाच्या जुन्या प्लास्टिक क्रेटमध्ये, तळाला जाळी टाकून. दिसायला दरिद्री, पण क्रेटच्या भोकांशी मुळांची टोकं हवेत येऊन सुकतात आणि मागून बारीक मुळं फुटतात, कुंडीसारखी गोल गोल फिरत बसत नाहीत. मिश्रणात विटांचे तुकडे दोन भाग, मुरमाची बारीक खडी एक भाग, कोकोपीट अर्धा. वीट आणि खडी दोन चाळण्यांतून काढलेली, ३ ते ६ मिलिमीटर. धूळ टाकून द्या, सगळा चिखल तीच करते.

कापावर मामांनी बोर्डो पेस्ट फासली: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, त्यातली ब्रशभर. बुरशी अडते, पण सुकली की तडकते, म्हणून कडेने वरून कट पेस्टही (झाडाची जखम झाकायचा लेप) लावली. गच्चीवरचा निळा डाग अजून गेलेला नाही आणि आईही तो विसरलेली नाही.

२०२४ चा उन्हाळा आणि पावसाळा

मार्चमध्ये चार ठिकाणी फूट आली. वरची एक शेंड्यासाठी ठेवली आणि अगदी बुंध्याशी एक, बळीची फांदी म्हणून. ती कधीच झाडाचा भाग होणार नाही. तिने फक्त बेफाम वाढायचं, बुंधा फुगवायचा आणि काम झालं की कापली जायचं. बाकीच्या दोन काढल्या. एप्रिलपासून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, पाणी दोन वेळा. आमच्या बोअरच्या पाण्याने क्रेटच्या कडांवर पांढरे क्षार चढत होते, तेव्हापासून पिण्याच्या नळाचंच देते.

जूनच्या मध्यावर नव्या शेंड्याला २ मिलिमीटरची अॅल्युमिनियम तार गुंडाळली, थोडा बाक द्यायला. मग पाऊस लागला, गच्चीवर जाणं कमी झालं. पाच आठवड्यांनी पाहते तर तार सालीत रुतलेली, दोन्ही बाजूंनी साल वर आलेली, जशी बोट सुजल्यावर अंगठी रुतते. उलटी उकलायला गेले असते तर साल निघाली असती, म्हणून कटरने एकेक वेढा तोडून काढला. पावसाळ्यात वाढत्या मेपलवर तार असेल तर दर आठवड्याला बघा. निदान जिथून जाता-येता दिसेल तिथे तरी झाड ठेवा.

सप्टेंबरात पानांवर पांढरी पावडर. फोटो पाठवला, मामांचं उत्तर एका शब्दात: "भुरी." द्राक्षवाल्याला भुरी दाखवणं म्हणजे डॉक्टरला सर्दी दाखवणं. पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर. दाटी विरळ केली, वारा खेळू दिला, तेवढ्यावर आटोक्यात आली.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलं ते. मेपलने थंडीत पानं टाकून झोपायला हवं. माझं झोपतच नाही. डिसेंबर संपला तरी निम्मी पानं हिरवी, निम्मी मळकट केशरी, गळायचं नाव नाही. मामा म्हणाले, "आमची वेल तरी कुठे झोपते इथे? आम्ही छाटून उठवतो." एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळांसाठी गोडी छाटणी, मग डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट. थंड मुलखातलं झाड इकडच्या हवेत आपल्या वेळापत्रकावर चालवायचं, हे नाशिक जिल्ह्याला नवं नाही. ती पेस्ट मात्र मी मेपलला लावणार नाही, आणि एप्रिलातली छाटणी तर नाहीच. उघड्या पडलेल्या कोवळ्या सालीवर एप्रिलचं ऊन म्हणजे पुन्हा जॅपनीजची गोष्ट.

मी एवढंच केलं की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उरलेली पानं देठ ठेवून कातरली आणि क्रेट रात्रीच्या उघड्या गारठ्यात ठेवला. देठ पुढच्या दहा-बारा दिवसांत आपोआप गळाले. महिनाअखेर डोळे तांबूस होऊन फुगले, यंदा जवळजवळ सगळे एकदम.

दोन फेब्रुवारीला शेंडा पहिल्या कापापासून ४ सेंटिमीटरवर कापला. तिथे त्याची जाडी १२. खाली ३१ आणि वर १२, म्हणजे ज्याला निमुळतं खोड म्हणतात त्याची पहिली पायरी झाली. तारेचे वळ बहुतेक कापलेल्या तुकड्यात गेले, एक खाली राहिलाय. जुन्या जखमेच्या काठाने तांबूस, गुळगुळीत अशी गोठ (नव्या सालीची कड) आली आहे, सर्वांत रुंद जागी ५ मिलिमीटर, मधलं लाकूड अजून उघडं. ज्या बाजूला नवा शेंडा आहे तिथे ती भराभर सरकतेय, उलट बाजूला नुसती रेघ. म्हणून त्या बाजूची एक छोटी फूट यंदा मोडणार नाही, तिच्या पानांनी तिथली जखम ओढून घ्यावी. बळीची फांदी आणखी एक वर्ष राहील.

निळ्या कुंडीतलं धाकटं मोजून झाल्यावर पिंपळगावला नेऊन लावलं, खाली फरशीचा तुकडा ठेवून. मामांनी ठिबकची नळी सरकवली आणि विचारलं, "हे किती वर्षं विसरायचं?" दोन म्हटलं.

नाशिकात कुणाच्या ट्रायडंटची पानं न कातरता गळतात का, आणि साधारण कधी? आणि मुळाच्या रिकाम्या जागी त्याच झाडाचं मूळ कलम करून कुणी भरलंय का? दक्षिणेची ती जागा अजून तशीच आहे.