ग्रंथपालबाईंच्या स्क्रीनवरची अडगळ

मालवण तालुक्यातल्या एका गावातील वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. नव्या पुस्तकांच्या याद्या, दिवाळी अंक योजनेच्या सूचना, कार्यक्रमांचे वृत्तांत हे सारे ग्रंथपालबाई स्वतः वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत लिहितात. गेल्या श्रावणात पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे काम पाहिले. चार ओळींची सूचना त्यांनी पाच मिनिटांत लिहून संपवली आणि पुढचा अर्धा तास त्या मजकुराखालच्या, एका प्लगइनने, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरने, आणून ठेवलेल्या चौकटीत अडकून पडल्या. मजकूर शोधयंत्रांसाठी कितपत योग्य आहे हे दाखवणारा तिथला लाल ठिपका हिरवा व्हावा म्हणून ‘दिवाळी अंक’ हे शब्द त्यांनी प्रत्येक वाक्यात घातले होते. ‘‘ह्यो तांबडो ठिपको काय जाणा नाय, माझा काय चुकला?’’ असे त्यांनी मला विचारले. ती चौकट त्यांच्यासमोर मीच ठेवली होती, त्यामुळे मला फार वाईट वाटले.

लिहिणाऱ्याच्या नजरेसमोरची प्रत्येक चौकट त्याला काहीतरी विचारत असते, आणि ज्याचे उत्तर आपल्याला द्यायचेच नाही असा प्रश्न समोर दिसत राहिला की माणूस आपल्याच मजकुराबद्दल साशंक होतो.

पसाऱ्याचे मूळ भूमिकेत, म्हणजे वर्डप्रेसमध्ये कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या दर्जात होते. सुरुवातीला घाईघाईत मी बाईंना ‘प्रशासक’ करून टाकले होते. ती भूमिका बदलून ‘संपादक’ केली, तेव्हा प्लगइन, थीम (संकेतस्थळाचे रूप) आणि सेटिंग्ज यांचे मेनू एक ओळही कोड न लिहिता निघून गेले. अनेक जण भूमिका तशीच ठेवून कोडने फक्त मेनू लपवतात. पण लपवलेल्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकला तर ते पान उघडते, कारण अधिकार काढलेलाच नसतो. म्हणून आधी अधिकार पाहावेत आणि मग उरलेले लपवावे, असे माझे ठाम मत आहे. ठिपक्याची चौकट आणि प्रतिक्रियांचा मेनू मी त्यानंतर काढले.

डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेस 5.0 सोबत ब्लॉक एडिटर, म्हणजे मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांनी (ब्लॉकांनी) रचण्याची सोय, आला आणि अधिकचे चिन्ह दाबल्यावर ब्लॉकांची भली मोठी यादी उघडू लागली. वाचनालयाला परिच्छेद, शीर्षक, यादी, चित्र, चित्रदालन आणि पीडीएफसाठी फाइल एवढे सहाच ब्लॉक लागतात. कोणते ब्लॉक दिसावेत हे कोडमधल्या एका फिल्टरने ठरवता येते, म्हणून तेवढेच ठेवले. पण 6.1 आवृत्तीपासून यादीतली प्रत्येक नोंद हा स्वतंत्र ब्लॉक झाला आहे, आणि त्याला परवानगी द्यायला मी विसरलो. नव्या पुस्तकांची यादी धड टाकता येईना, तेव्हा बाईंचा फोन आला. इतरांनी तरी हे ध्यानात ठेवावे.

आता उजवीकडे वर्ग, मुख्य चित्र आणि प्रकाशनाची तारीख एवढेच दिसते. सारांशाचा रकानाही मी निरुपयोगी समजून काढला होता. आठवड्याने बाईंनी तो परत मागितला. दर सूचनेचा दोन ओळींचा सारांश त्या तिथेच लिहीत आणि तोच सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवत. तो त्यांना मी त्याच संध्याकाळी परत दिला.