आमची वाटचाल: मेल आला की कळला पाहिजे

कोल्हापुरात उद्यमनगरात, एका गाळ्याच्या वरच्या खोलीत मी आणि माझ्या मावसभावाने काम सुरू केलं. खाली दिवसभर लेथ चालायचं. सुरुवातीची कामं म्हणजे फौंड्रीवाल्यांचे स्टॉक आणि बिलिंगचे प्रोग्राम. मेलचं काम आमच्याकडे आलं ते शिरोलीच्या एका गिऱ्हाइकामुळे. "ताई, चौकशीचा मेल आला की ऑफिसात तिघांनाही एकदम दिसेल असं काहीतरी करून द्या बघा," असं ते म्हणाले. पार्टी ड्रॉइंग पाठवते आणि संध्याकाळपर्यंत दर मागते. मेल दुपारी उघडला तर हातात काहीच उरत नाही.

आमचा पहिला प्रोग्राम पॉप पद्धतीचा होता, दर दहा मिनिटांनी मेल उतरवून घेणारा. एकाने वाचलेला मेल दुसऱ्याला कळेना, म्हणून आम्ही आयमॅपकडे वळलो. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला याची सुरुवात केली. यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळे एकच पेटी बघतात. पण आम्ही दर मिनिटाला प्रत्येक मशीनवरून "काही आलं का?" विचारत होतो. गिऱ्हाइकं वाढली तशी सर्व्हरने आमची लॉगिन अडवायला सुरुवात केली.

त्यावर उत्तर होतं 'आयडल' ही आज्ञा. ती 1997 पासून आहे आणि तिचा दस्तऐवज जेमतेम चार पानांचा. प्रोग्राम 'आयडल' म्हणतो, सर्व्हर अधिक चिन्ह पाठवून होकार देतो आणि लाइन उघडी ठेवून दोघेही गप्प बसतात. मेल आला की सर्व्हर आपणहून एक ओळ पाठवतो: '24 एक्झिस्ट्स'. म्हणजे पेटीत आता 24 मेल आहेत, एवढंच. कोणाचा, कशाबद्दल, ते विचारायचं तर आधी 'डन' म्हणून आयडलमधून बाहेर यायचं. भावाने मोबाइलवरून पहिला मेल पाठवला, आणि त्याने मोबाइल टेबलावर ठेवायच्या आत काळ्या खिडकीत ती ओळ उमटली. त्या रात्री आम्ही दोघांनी निदान तीस मेल एकमेकांना पाठवले असतील.

आणि मग त्याच शिरोलीच्या गिऱ्हाइकाची एक चौकशी चुकली. ऑर्डर दुसरीकडे गेली. सर्व्हर अर्ध्या तासाच्या शांततेनंतर लाइन तोडू शकतो, म्हणून 29 मिनिटांच्या आत आयडल नव्याने सुरू करा, असं त्या दस्तऐवजात सांगितलंय. आम्ही बरोबर 29 मिनिटं धरली होती. पण ऑफिसातला राउटर गप्प लाइन त्याच्या कितीतरी आधी विसरून जात होता, आणि तसं तो कोणालाही कळवत नव्हता. मेल त्याच मधल्या वेळात आला. त्याहून मोठी चूक आमची होती. लाइन पुन्हा जोडल्यावर सर्व्हरने वाढलेला आकडा सांगितला, आणि आमच्या प्रोग्रामने तोच सुरुवातीचा आकडा धरला. आलेला मेल त्याच्या लेखी जुनाच झाला. मी स्वतः शिरोलीला जाऊन त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी प्रोग्राम बंद केला नाही, हे मी विसरणार नाही.

तेव्हापासून आम्ही दर चार मिनिटांनी आयडल नव्याने सुरू करतो. जोडणी झाली की आधी शेवटच्या माहीत असलेल्या यूआयडीच्या, म्हणजे सर्व्हर प्रत्येक मेलला देतो त्या न सरकणाऱ्या क्रमांकाच्या, पुढचं सगळं मागवतो आणि मगच गप्प बसतो. पेटीची यूआयडी-व्हॅलिडिटी, म्हणजे जुने यूआयडी अजून धरायचे की नाही हे सांगणारा आकडा, बदललेली दिसली तर आपली यादी टाकून देतो आणि सगळी नव्याने आणतो.

खोडलेल्या मेलनीही आम्हाला बराच त्रास दिला. तिसरा, चौथा, सातवा आणि अकरावा मेल काढला तर सर्व्हर 3, 3, 5, 8 असे आकडे पाठवतो. रेशनच्या रांगेतून तिसरा माणूस गेला की चौथा तिसरा होतो, तसं. प्रत्येक ओळीनंतर यादी लगेच सरकवली नाही तर भलताच मेल पडद्यावरून जातो. नव्या मुलांना मी हे कागदावर आकडे खोडून शिकवते. मराठी नावांच्या फोल्डरचं निराळंच. 'बिले' नावाचा फोल्डर सर्व्हरकडून अँपरसँडने (&) सुरू होणाऱ्या आणि वजाचिन्हाने संपणाऱ्या रोमन अक्षरांत येतो. 2021 च्या नव्या आयमॅपमध्ये ही अडचण सुटली आहे, पण जुने सर्व्हर अजून भरपूर आहेत, म्हणून आम्ही दोन्ही रीती सांभाळतो.

आज आम्ही पाच जण आहोत. नव्या गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम बसवला की त्यांच्या समोरच राउटर बंद करतो, अर्धा तास थांबतो, तेवढ्यात मोबाइलवरून तीन मेल पाठवतो आणि त्यांतला एक खोडतो. मग राउटर चालू करतो. तिन्ही मशीनवर बरोबर दोनच नवे मेल दिसले की मगच उरलेल्या रकमेचं बिल देतो.