न्यूटन-राफसन क्रिटिकल पॉइंटवर का रेंगाळते: माझा अनुभव

न्यूटन-राफसन म्हणजे एका अंदाजापासून निघून पावलापावलाने समीकरणाच्या मुळाकडे जायची पद्धत; तिच्यात दर इटरेशनला (पावलाला) बरोबर अंक दुप्पट होतात, हे वाक्य मी डिप्लोमापासून ऐकत आले. नोट्समध्ये तेच, प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमध्ये तेच, व्हायवाला अपेक्षित उत्तरही तेच. या वाक्याला एक अट आहे आणि ती आमच्या छापील मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हती. त्या एका न छापलेल्या ओळीपायी एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरमध्ये माझं जर्नल सहीविना पडून राहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. केमिकल किंवा मेकॅनिकलच्या ज्या मुलामुलींना इक्वेशन ऑफ स्टेटचं (दाब, तापमान आणि आकारमान यांना जोडणाऱ्या समीकरणाचं) असाइनमेंट येतं त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

काम असं होतं: कार्बन डायऑक्साइडसाठी व्हॅन डर वाल्स समीकरण घ्यायचं, तापमान आणि दाब दिला की कॉम्प्रेसिबिलिटी फॅक्टर झेड (आदर्श वायूपेक्षा वागणं किती वेगळं आहे ते सांगणारी संख्या) काढायचा, गॅसचा वेगळा आणि लिक्विडचा वेगळा, आणि त्यावरून घनतेचा आलेख काढायचा. समीकरण झेडमध्ये त्रिघाती होतं. गॅसचं मूळ हवं तर १ पासून सुरुवात करायची, कारण आदर्श वायूचा झेड १ असतो. लिक्विडचं हवं तर समीकरणातल्या बी या, रेणूंच्या आकारमानाचा हिशेब धरणाऱ्या स्थिरांकापासून. प्रोग्रॅम एका बैठकीत झाला आणि बहुतेक सगळ्या ठिकाणी उत्तर चटकन आलं.

अडकले ते क्रिटिकल पॉइंटवर. ३०४.१३ केल्विन आणि ७.३८ मेगापास्कल, म्हणजे साधारण ३१ अंश सेल्सिअस. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये याच वायूवरच्या प्रयोगांतून हा बिंदू मांडला आणि व्हॅन डर वाल्सने १८७३ च्या प्रबंधात त्याला समीकरणात बसवलं. या बिंदूला गॅस आणि लिक्विड यांच्यातला फरक संपतो, दोघांची घनता एकच होते. माझ्या प्रोग्रॅमने मात्र गॅसचा झेड ०.३८२२३ दिला आणि लिक्विडचा ०.३६५२५. साडेचार टक्क्यांहून जास्त फरक! आलेखात गॅस आणि लिक्विडच्या घनतेच्या रेषांनी बनणाऱ्या घुमटाच्या दोन्ही बाजू वर जिथे मिळायला हव्यात तिथे स्पष्ट फट दिसत होती.

मॅडमनी आलेख बघितला आणि जर्नल परत माझ्याकडे सरकवलं. "क्रिटिकलला दोन घनता कशा आल्या तुझ्या?"

"मॅडम, प्रोग्रॅम तोच आहे. बाकी सगळीकडे उत्तर बरोबर येतंय."

"मग नुसतं शेवटचं उत्तर नको दाखवूस. मधले सगळे आकडे छापून आण."

तोवर मी फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह (उतार) पुन्हा हाताने काढून बघितला होता, एककं तपासली होती, वायू स्थिरांक तपासला होता. कशातच खोट नव्हती. बॅचमधल्या दोघांच्या प्रोग्रॅममध्येही हीच फट होती, पण त्यांनी तो एक बिंदू आलेखातून गाळून सह्या घेतल्या होत्या. मला ते पटत नव्हतं. ज्या बिंदूसाठी हे समीकरण प्रसिद्ध आहे, तोच गाळायचा?

आकडे छापले. १ पासून सुरुवात केल्यावर ०.७९१६७, ०.६५२७८, ०.५६०१९, ०.४९८४६, ०.४५७३०, असेच पुढे. तुलनेसाठी न्यूटनने स्वतः पद्धत दाखवायला वापरलेलं समीकरण घेतलं: क्ष³ − २क्ष − ५ = ०. तिथे २ पासून निघालं की २.१, मग २.०९४५६८, मग २.०९४५५१४८१७. चूक पाच हजारांशांवरून दीड लाखांशावर येते आणि तिथून थेट दहाव्या दशांश स्थळात जाते. पुस्तकातलं वाक्य इथे शब्दशः खरं ठरतं. आणि माझ्याकडे तोच प्रोग्रॅम एकेक पाऊल घसटत चालला होता.

मग मी त्या आकड्यांतला फरक काढला. लागोपाठच्या दोन आकड्यांतलं अंतर ०.२०८३३, पुढचं ०.१३८८९, त्यापुढचं ०.०९२५९. प्रत्येक अंतराला आधीच्या अंतराने भागलं तर दर वेळी ०.६६६७. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत दोन तृतीयांश. हा आकडा एवढा स्वच्छ होता की कुठल्याही बगमधून तो येणं शक्यच नव्हतं. माझी चिडचिड इथे पहिल्यांदा कुतूहलाकडे वळली.

समीकरण कागदावर मांडलं. क्रिटिकल पॉइंटवर व्हॅन डर वाल्सचं त्रिघाती असं होतं: झेड³ − (९/८)झेड² + (२७/६४)झेड − २७/५१२ = ०. ही तर (झेड − ३/८) चा घन आहे! तिन्ही मुळं एकावर एक, ०.३७५ वर. आणि हे असणारच, कारण क्रिटिकल पॉइंटची व्याख्याच तशी आहे: तिथे आकारमानाच्या संदर्भात दाबाचा पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य आणि दुसराही शून्य. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला आपण ही व्याख्या पाठ करतो, न्यूमरिकल मेथड्सच्या तासाला न्यूटन-राफसन पाठ करतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींना भिडतात हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

न छापलेली अट ती हीच. अंक दुप्पट होतात ते मूळ एकेरी असेल तर. मूळ दुहेरी असेल तर न्यूटन-राफसनमध्ये चूक दर पावलाला निम्मी होते, तिहेरी असेल तर दोन तृतीयांश उरते. सर्वसाधारणपणे मूळ जितके पदरी, त्या संख्येचा व्यस्त १ मधून वजा करायचा. म्हणजे तिहेरी मुळावर एक दशांश अंक कमवायला न्यूटनला साडेपाचहून जास्त पावलं लागतात आणि बायसेक्शनला (मूळ ज्या पट्ट्यात आहे तो दर वेळी निम्मा करत जाणारी पद्धत) साडेतीनपेक्षा कमी. आमच्या मॅन्युअलमध्ये बायसेक्शन "सर्वांत संथ" म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलनंतर बाजूला टाकलेली होती. इथे ती न्यूटनला मागे टाकते, कारण तिला मूळ किती पदरी आहे याच्याशी घेणंदेणंच नसतं. चिन्ह बदललं की झालं. (दुहेरी मुळावर मात्र चिन्ह बदलत नाही, म्हणून तिथे ती चालतच नाही.) सीकंटकडे (डेरिव्हेटिव्हऐवजी मागचे दोन आकडे वापरणारी पद्धत) वळायचा विचार असेल तर सोडा. एकेरी मुळावर तिचा १.६१८ हा ऑर्डर (दर पावलाला बरोबर अंक साधारण तेवढ्या पटीने वाढतात) सुंदर आहे, पण तिहेरीवर दर पावलाला चूक ०.७५५ पट उरते, न्यूटनहून वाईट. हॅलीची पद्धत, जी एरवी अंक तिप्पट करते, ती इथे दर पावलाला चूक जेमतेम निम्मी करते. म्हणजे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा खर्च करून बायसेक्शनचा वेग.

पण फट का पडली, याचं उत्तर अजून बाकी होतं. ते सापडलं मॅन्युअलच्या दुसऱ्या ओळीत: "फंक्शनची किंमत ०.०००००१ पेक्षा कमी झाली की थांबा." माझं फंक्शन म्हणजे झेडमधल्या चुकीचा, मुळापासूनच्या अंतराचा, घन होतं. झेडमध्ये ०.०१ ची चूक असली तरी घन केल्यावर ०.०००००१ च येतो. म्हणजे ही अट पूर्ण होते तेव्हा उत्तर अजून मुळापासून दोन-तीन टक्के लांब असतं. गॅसच्या बाजूने येणारी गाडी अकराव्या पावलाला थांबली ०.३८२२३ वर, लिक्विडच्या बाजूने येणारी आठव्या पावलाला ०.३६५२५ वर. दोघी ०.३७५ च्या दोन बाजूंना उभ्या, आणि प्रोग्रॅम म्हणतोय की दोन्ही मुळं मिळाली. ते लक्षात आल्यावर मी खुर्चीतून उठून लॅबमध्ये एक फेरी मारली. इतके दिवस ज्याला मी भौतिकशास्त्रातली गडबड समजत होते, ती नुसती थांबण्याच्या अटीची होती.

टॉलरन्स, म्हणजे थांबण्याची ती मर्यादा, घट्ट केला. १० च्या उणे पंधराव्या घातापर्यंत नेल्यावर अठ्ठाविसाव्या पावलाच्या आसपास ०.३७५०१ आलं. त्याहून खाली नेला की आकडे पुढे सरकायचे थांबून इकडेतिकडे नाचायला लागतात. हेही कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: संगणकाच्या डबल प्रिसिजनमध्ये साधारण सोळा अंक असतात, पण तिहेरी मुळावर त्यातले पाच-सहाच हाती लागतात, कारण शेवटच्या अंकातल्या गोंगाटाचं घनमूळ उत्तरात उतरतं. जास्त इटरेशन दिल्याने यात फरक पडत नाही. घनसमीकरणाचं बंद सूत्र वापरूनही सुटका नाही, त्यातही हाच गोंगाट घनमुळाखाली जातो.

सुटका झाली ती एटकिनच्या युक्तीने. अलेक्झांडर एटकिन यांनी १९२६ मध्ये मांडलेली ही युक्ती म्हणजे तीन लागोपाठचे आकडे घ्यायचे, ते ठरावीक गुणोत्तराने मुळाकडे सरकताहेत असं धरायचं आणि शेवट कुठे होईल ते सरळ काढायचं. मी १, ०.७९१६७ आणि ०.६५२७८ घेतले. पहिल्या अंतराचा वर्ग भागिले दोन अंतरांतला फरक: ०.६२५. एकातून वजा केले: ०.३७५. कॅल्क्युलेटरवर, तीन आकड्यांतून. न्यूटनला अठ्ठावीस पावलांत जे जमत नव्हतं ते! तो कागद मी तसाच जर्नलला लावला आणि मॅडमनी त्यावरच सही केली. मला त्या सहीचा आजही अभिमान आहे.

तुम्हाला हे करायचं असेल तर पहिलं सांगणं हे की प्रोग्रॅममध्ये गुणोत्तराचा रकाना ठेवाच: या वेळचं अंतर भागिले मागच्या वेळचं अंतर. ते भराभर शून्याकडे जात असेल तर मूळ एकेरी आहे, निर्धास्त राहा. ते एखाद्या आकड्यावर स्थिरावलं तर १ मधून तो आकडा वजा करून व्यस्त घ्या. ०.५ वर स्थिरावलं तर दुहेरी, ०.६६७ वर तर तिहेरी. एवढं कळलं की न्यूटनचं पाऊल तेवढ्या पटीने मोठं करायचं आणि वेग परत येतो. माझ्या समीकरणात पाऊल तिप्पट केल्यावर १ पासून एकाच उडीत बरोबर ०.३७५ मिळतं. मात्र पुढच्याच पावलाला शून्य भागिले शून्य होतं आणि स्क्रीनवर नॅन ("ही संख्या नाही" अशी खूण) येतं, म्हणून भागाकाराआधी फंक्शन शून्य आहे का ते तपासणारी ओळ घाला.

थांबण्याची अट फंक्शनवर ठेवू नका, झेडच्या अंतरावर ठेवा, आणि तीही डोळे झाकून नको. गुणोत्तर दोन तृतीयांश असताना उरलेली चूक शेवटच्या पावलाच्या दुप्पट असते. निम्मं असेल तर पावलाएवढी. एक्सेलचा गोल सीक (हवं ते उत्तर येईपर्यंत इनपुट शोधणारी सोय) वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावं: त्याची मूळ सेटिंग १०० इटरेशन आणि ०.००१ फरक अशी असते. अशा घनावर झेड ०.४७ आला तरी तो खुशाल "सोल्यूशन मिळालं" म्हणेल. फाइलच्या ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाज या भागात जाऊन तो फरक आधी कमी करा.

नेमके क्रिटिकल पॉइंटवरच नसाल, थोडे बाजूला असाल, तर वेगळं दृश्य दिसतं. सुरुवातीची काही पावलं दोन तृतीयांशनेच पडतात, मग मूळ जवळ आल्यावर अचानक अंक दुप्पट व्हायला लागतात. त्या पहिल्या रेंगाळण्याला घाबरून सुरुवातीचा अंदाज बदलत बसू नका. गुणोत्तर खाली यायला लागलं का तेवढं बघा.

०.३७५ हा व्हॅन डर वाल्सचा आकडा आहे. खऱ्या कार्बन डायऑक्साइडचा क्रिटिकल झेड ०.२७४ च्या आसपास आहे. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, आणि तो फरक मॉडेलचा आहे, न्यूटन-राफसनचा नाही, हे ठणकावून सांगा.

क्रिटिकल तापमान जुन्या तक्त्यांत ३०४.२ केल्विन मिळेल, नव्यांत ३०४.१३. कुठलंही घ्या, पण स्थिरांक काढताना एक आणि इनपुटला दुसरं असं करू नका. सात शतांश अंशाच्या तेवढ्या फरकाने या बिंदूपाशी आकारमान आठ-नऊ टक्क्यांनी सरकतं, आणि मग कितीही चांगली पद्धत वापरली तरी तुम्ही भलत्याच समीकरणाचं मूळ काढत बसता.