प्लगइनची छाटणी: आतापर्यंत कुठवर आलं

माझ्या फोटोंच्या वर्डप्रेस साइटवर साठलेल्या प्लगइनची (साइटला जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) छाटणी बरीचशी मार्गी लागली आहे. साइट जड झालीय असं वर्डप्रेस वापरणाऱ्या कुणालाही सांगा, पहिला प्रश्न येतो, 'किती प्लगइन आहेत?' माझ्या मते हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. क्वेरी मॉनिटर हे तपासणीचं प्लगइन लावा, कुठलंही पान उघडा आणि डेटाबेसच्या क्वेरी (माहितीच्या मागण्या) कुठल्या प्लगइनकडून येतात ते बघा. माझ्याकडची दोन-तीन किरकोळ प्लगइन त्या यादीत दिसतही नव्हती. याउलट 'संबंधित लेख' दाखवणारं एकटं प्लगइन दर पानाला क्वेरींचा ढीग लावत होतं. ते आधी काढलं.

मग फॉर्म. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे संपर्काच्या फॉर्मचं प्लगइन आपली स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट (फॉर्म चालवणाऱ्या आणि सजवणाऱ्या फाइल) मुळात सगळ्याच पानांवर पाठवतं, पानावर फॉर्म असो वा नसो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडला की फोटोच्या पानावरही ती नावं दिसतात. पण एवढ्यासाठी प्लगइन बदलायची गरज नाही. हे लोडिंग बंद करून फक्त संपर्काच्या पानावर चालू कसं करायचं, हे त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये दिलंय. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला हात न लावता बदल करायच्या जोड-थीममध्ये) चार ओळी टाकल्या, काम झालं.

काही प्लगइनचं काम आता वर्डप्रेस स्वतःच करतं. २०२० मधल्या ५.५ आवृत्तीत चित्रांचं लेझी लोडिंग (चित्र स्क्रीनजवळ आलं की मगच उतरवणं) आणि साइटमॅप (सर्च इंजिनसाठी पानांची यादी), दोन्ही आले. साइटमॅपचं प्लगइन सरळ गेलं. वेबपी या हलक्या चित्र-फॉरमॅटचं तसं नाही: २०२१ च्या ५.८ पासून वेबपी फाइल अपलोड होते खरी, पण आपल्या जेपीजी वर्डप्रेस आपणहून वेबपीत बदलून देत नाही. त्यामुळे ते काम करणारं प्लगइन ठेवलंय.

कॅशचं (तयार पानाची प्रत साठवून तीच वाचकाला देणारं) प्लगइन एकच. पेज कॅश करणारी प्लगइन बहुधा 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये 'ॲडव्हान्स्ड-कॅश' नावाची फाइल ठेवतात आणि ती जागा एकाचीच. दोन लावली की भांडण ठरलेलं.

नवीन प्लगइन घेताना लोकांनी दिलेले स्टार मी शेवटी बघतो. आधी शेवटचा अपडेट कधीचा, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय आणि सपोर्टमधल्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का. शिवाय मालक बदललाय का, हेही. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स हे प्लगइन विकलं गेलं आणि नव्या मालकाच्या आवृत्त्यांमधून लोकांच्या साइटवर स्पॅम मजकूर घुसवला गेला. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन डिरेक्टरीतून ते शेवटी कायमचं काढलं, पण तोवर ते सुमारे दोन लाख साइटवर बसलेलं होतं. लोकप्रिय होतं, म्हणूनच तर विकत घेतलं! तेव्हापासून चेंजलॉग (नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी) वाचल्याशिवाय मी अपडेटचं बटण दाबत नाही. (सुरक्षेचा अपडेट असेल तर वाचतो, पण भराभर.)

आणि माझी खरी कसोटी: हे प्लगइन उद्या काढलं तर मागे काय उरेल? डिॲक्टिव्हेट केल्याने डेटा जात नाही. डिलीट केल्यावरही सफाई होते की नाही, हे डेव्हलपरने तसा कोड लिहिलाय का यावर ठरतं. नाही लिहिला, तर डेटाबेसमधल्या सेटिंग्जच्या ऑप्शन्स टेबलमध्ये त्याच्या ओळी पडून राहतात, आणि त्या ऑटोलोडवाल्या (आपोआप वाचल्या जाणाऱ्या) असतील तर प्लगइन गेल्यावरही दर पानाला वाचल्या जातात. शॉर्टकोडचं (लेखात चौकटी कंसात लिहायच्या खुणेचं, जिच्या जागी प्लगइन गॅलरी वगैरे दाखवतं) तर विचारूच नका. प्लगइन बंद केलं की जिथे गॅलरी होती तिथे चौकटी कंसातला मजकूर वाचकाला जसाच्या तसा दिसतो. म्हणून गॅलरीसाठी आता वर्डप्रेसच्या एडिटरमधला साधा गॅलरी ब्लॉकच. दिसायला तितका झकपक नाही, पण थीम बदला, काहीही बदला, फोटो जागचे हलत नाहीत.

आता स्लायडर (एकामागून एक फोटो सरकवत दाखवणारं प्लगइन) उरलाय. जुन्या लेखांमध्ये त्याचे शॉर्टकोड पसरलेत, त्यामुळे आधी बॅकअप, मग स्टेजिंग कॉपीवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) एकेका लेखात ब्लॉक बसवायचे आणि सगळ्यात शेवटी प्लगइन उडवायचं. शॉर्टकोड एकगठ्ठा ब्लॉकमध्ये बदलायची भरवशाची युक्ती कुणाकडे असेल तर सांगा.