मित्राच्या पोराबरोबर लोणंद ते तरडगाव

आमच्या बॅचमधला एक मित्र गेल्यापासून त्याच्या नावाने आम्ही माउलींच्या वारीत एक टप्पा चालतो. यंदा त्याचा आठवीतला मुलगा बरोबर होता. अशा पोराला न्यायचं तर आधी त्याच्या आईला विचारा, मग टप्पा ठरवा. पुणे-सासवड नको. तीसेक किलोमीटर आणि वर दिवे घाट. लोणंद-तरडगाव जेमतेम आठेक किलोमीटर, शिवाय वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोड्यांची दौड.

दिंडीचा नुसता नंबर पाठ करून भागत नाही. पालखीच्या रथापुढची बारा नंबरची आणि रथामागची बारा नंबरची या दोन वेगळ्या दिंड्या. पोराच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी हवी: रथापुढे की मागे, क्रमांक, सामानाच्या ट्रकचा नंबर, आपल्यापैकी दोघांचे मोबाइल नंबर. गर्दीत फोन लागतोच असं नाही. चुकामूक झाली तर लोंढ्याविरुद्ध परत फिरायचं नाही, सरळ मुक्कामाच्या तळावर जाऊन ट्रक गाठायचा.

मित्राच्या नावाने काही करायचं असेल तर दिंडीत एका सकाळचा चहा-नाश्ता द्यावा. पण प्रस्थानाआधी कळवा, कारण शिधा तेव्हाच भरलेला असतो. ऐनवेळी आणलेली पोत्यांची भर ट्रकवाल्याच्या डोक्याला ताप.

लहानपणी बाप गेलेल्या पोराला बापाबद्दल घरचेच सांगतात, आणि घरचे गेलेल्या माणसाचे फक्त गुण सांगतात. वर्गमित्रांकडे बाकीचा ऐवज असतो: भूमितीत किती मार्क पडायचे, कुणाशी अबोला होता, डबा कोणाचा खायचा. तो द्यावा, पण चालता चालता आणि एका वेळी एकानेच. चौघं मिळून घेरलं की पोरगं नुसती मान डोलावतं. ‘बाबा वरून बघतोय’ टाळावं. ‘आता तूच घरातला कर्ता’ तर मुळीच नको, तेरा वर्षांच्या खांद्यावर ते ओझं कशाला? प्रश्न त्याचे त्याला सुचतात. बराच वेळ गप्प चालून हा म्हणाला, “काका, बाबा डावखुरे होते का?” आमच्यात ते एकालाच नक्की आठवत होतं. फळ्यावर डाव्या हाताने लिहायचा आणि स्वतःच लिहिलेलं बाहीने पुसलं जायचं.

रिंगणात दोन घोडे धावतात, एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी; तो माउलींचा. घोडे गेले की टापांखालची माती कपाळी लावायला दोन्ही बाजूंनी माणसं एकदम आत शिरतात, रेटारेटी तेव्हाच होते. मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत उभं करा आणि माती नंतर घ्या, ती कुठे जात नाही.

संध्याकाळी समाजआरतीला थांबाच. चोपदारांनी दंड उंचावला की अख्खा तळ गप्प होतो आणि हरवल्या-सापडल्याची यादी सांगितली जाते. मुक्काम करायचा की घरी परतायचं, हे पोराला ठरवू द्या. मुक्काम ठरला तर अंथरुणाखाली प्लास्टिकचा कागद दुहेरी घाला आणि कडा वर दुमडा. पावसाचं पाणी तंबूत कडेनेच शिरतं.