क्विडी विडीची वही: आधी वय, मग नाव

क्विडी विडी तळ्यावरचा हा माझा तिसरा हिवाळा. न्यू फाउंडलंडमधल्या सेंट जॉन्समध्ये हे तळं ऑगस्टातल्या होड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध आहे. जानेवारीत ते गोठलं की बर्फ कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा होतो. जवळच्या रॉबिन हूड बेला शहराचा कचरा जातो. तिथं पोट भरायचं, रेनीज नदी तळ्याला मिळते तिथल्या उघड्या पाण्यात अंघोळ करायची आणि बर्फावर चोच पिसांत खुपसून बसायचं, हा त्यांचा दिनक्रम. शिवडीच्या चिखलात मी जे काळ्या डोक्याचे कुरव पाहून पक्षी ओळखायला शिकले, तेही इथं थोडे असतात. त्यांना पाहिलं की बरं वाटतं. मात्र मी इथं येते ती पांढऱ्या पंखांच्या थोराड कुरवांसाठी, म्हणजे आइसलँड गल आणि ग्लॉकस गलसाठी.

गेल्या हिवाळ्याअखेर वहीत ग्लॉकसच्या अकरा नोंदी होत्या. डिसेंबरात सगळे फोटो पुन्हा उघडले तेव्हा त्यातल्या चारच टिकल्या. उरलेले सातही आयुष्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातले आइसलँड निघाले.

चूक चोचीवरून झाली होती. ‘गुलाबी चोच, शाईत बुडवल्यासारखं काळं टोक, म्हणजे ग्लॉकस’ हे आपण सगळेच शिकतो, आणि ते खरंही आहे. पण ते पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लापुरतं. त्या वयाच्या आइसलँडची चोच बहुतेक काळपट असते, बुडाशी जेमतेम मळकट फिका रंग. तोच आइसलँड वर्षभराने परत येतो तेव्हा त्याचीही चोच गुलाबी आणि टोकाला काळी झालेली असते. वय न ठरवता चोच पाहिली की इथंच फसगत होते. ठाण्याची माझी मैत्रीण ऐरोलीच्या खाडीवर ह्यूग्लिन्स आणि स्टेप गल या कुरवांच्या ओळखीचं कोडं सोडवत असते. मी इथून सकाळी दहाला फोटो पाठवला की तिच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तिचं उत्तर ठरलेलं: “अगं, आधी वय सांग. नावाचं मग बघू.”

म्हणून या वर्षी वहीत वयाचा रकाना पहिला केला. डोळा, प्रायमरी पिसांची (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांची) टोकं आणि पंखावरची नक्षी, या क्रमाने बघते. पहिल्या हिवाळ्यात डोळा गडद, प्रायमरी टोकाला निमुळत्या, नक्षी रेखीव. दुसऱ्या हिवाळ्यात प्रायमरींची टोकं गोलसर होतात, नक्षी बारीक आणि विस्कटलेली दिसते, डोळा बऱ्याचदा उजळू लागतो. कुमलीन्समध्ये, म्हणजे इथं येणाऱ्या आइसलँड गलच्या उपजातीत, डोळ्यावर फार भिस्त ठेवू नये. पूर्ण वाढलेल्यांतही तो फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो.

१२ जानेवारी. उणे ९, वारा नाही. एक पक्षी शेजारच्या हेरिंग गल या दुसऱ्या जातीच्या कुरवाएवढाच. आकारावरून मी आइसलँड म्हणून सोडून दिला असता. ग्लॉकसचा नर भला दांडगा असतो, मादी मात्र बरीच लहान असू शकते, हे आठवलं. डोळा गडद, प्रायमरी टोकदार, म्हणजे पहिला हिवाळा. मग चोच: दोन तृतीयांश गुलाबी, काळ्या टोकाची सीमा सुरीने कापल्यासारखी. माथा चपटा, चेहरा करडा. शेपटीपुढे आलेलं पंखाचं टोक चोचीच्या लांबीपेक्षा आखूड. ग्लॉकस मादी असावी. आइसलँड गलमध्ये हेच टोक चोचीपेक्षा लांब येतं आणि डोकं पारव्यासारखं गोल, सौम्य दिसतं. हे मोजमाप शरदात मात्र जपून वापरा. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांची बाहेरची पिसं तेव्हा वाढत असतात आणि लांब पंखही आखूड भासतात.

२ फेब्रुवारी. आज फक्त पूर्ण वाढलेले पक्षी पाहिले, आणि आजवरचा सगळ्यात सुंदर दिवस हाच. नाव आइसलँड असलं तरी हा पक्षी तिथं वीण करत नाही, फक्त हिवाळ्यात जातो. मूळ उपजाती ग्रीनलंडची. आपल्या तळ्यावर येतात ते जवळजवळ सगळे कुमलीन्स, बॅफिन बेट आणि त्याच्या आसपासचे. पंखांची टोकं एकाची जवळपास शुभ्र, दुसऱ्याची फिकी राखी, तिसऱ्याची चांगली करडी. २०१७ मध्ये थेयर्स गल या तोवर वेगळ्या मानलेल्या जातीलाही आइसलँड गलचीच उपजात ठरवलं गेलं. हा बर्फ पाहिल्यावर मला तो निर्णय पटतो, कारण रेघ नक्की कुठं ओढायची ते दिसतच नाही. जवळून डोळ्याभोवतीचं कडं बघा: कुमलीन्समध्ये लालसर जांभळं, ग्लॉकसमध्ये पिवळट.

९ मार्च. उन्हाने पिसं विटली आहेत. पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं कागदासारखी पांढरी दिसतात, नक्षी पुसली गेलीय, विटलेले हेरिंगसुद्धा क्षणभर चकवतात. एक मोठा पक्षी ग्लॉकससारखा, पण प्रायमरींवर तपकिरी झाक आणि शेपटीला गडद पट्टा. हेरिंगशी संकर असावा असं वाटतं. उडताना पंख एकदाच उघडला आणि फोटो हलला. वयाच्या रकान्यात ‘पहिला हिवाळा’ लिहिलंय, नावाचा कोरा आहे. उद्या सकाळी पुन्हा नदीच्या तोंडाशी जाणार आहे.